लेकीच्या घरचं पाणी

माझा भाऊ मोतीलाल धुळ्याला देवपुरात पाणी सोडायचा. नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होता. पहाटे खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघायचा, गल्लीतल्या खड्ड्यावरचं झाकण उचलायचा, चावी घालून फिरवायचा, आणि मग घरोघरी हंड्या-बादल्यांची आदळआपट सुरू व्हायची. सगळं देवपूर त्याला नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायची. माणूस गरीब स्वभावाचा, पण नेमाचा एवढा पक्का की कधीकधी तीच चावी घेऊन त्याच्या डोक्यात घालावी असं वाटायचं. ज्या गल्लीला जेवढा वेळ ठरलेला, तेवढाच वेळ पाणी. उन्हाळ्यात पांझरा आटली की लोक हातापाया पडायचे, कुणी चहा पाजू बघायचं, कुणी मोठ्या माणसाचं नाव सांगायचं. नाना सगळं ऐकून घ्यायचा आणि वेळ झाली की चावी फिरवायचा. त्याच्या स्वतःच्या गल्लीलाही हंडाभर जास्त पाणी कधी मिळालं नाही. एकदा सुट्टीत मी त्याच्याकडे गेलेली, माझं लुगडं साबणात भिजलेलं, आणि नळ गेला. मी दारातून ओरडले, तर हा समोरून चावी घेऊन जाता जाता म्हणतो, "आते सकाय धुयजो, लिले." म्हणजे आता उद्या धू. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

त्याची बायको केसरबाई तापाने गेली तेव्हा लेक कोकिळा जेमतेम शाळेत जायला लागली होती. नानाने दुसरं लग्न केलं नाही. मी धरणगावला प्राथमिक शाळेत शिकवत होते, माझंही कपाळ पांढरंच, तेव्हा सुट्टी लागली की मी धुळ्याला पळायची. बाकी वर्षभर सगळं तोच करायचा. तिच्या वेण्या घालायचा, एक वेणी नाशिककडे आणि एक नागपूरकडे. पहाटे पोरीला घरात एकटी ठेवायची कशी, म्हणून गोधडीत गुंडाळून कामावर घेऊन जायचा. ती खड्ड्याच्या काठावर बसून पाइपाला कान लावायची आणि नळाला पाणी यायच्या आधी सांगायची, "नाना, ऊनं!" म्हणजे आलं. मग तो तिचे हात चावीवर ठेवून वर आपले हात ठेवायचा. बाया म्हणायच्या, आज कोकीने पाणी सोडलं. नानाला त्याचा केवढा अभिमान! पगार वाढल्यासारखा चेहरा व्हायचा त्याचा.

एक्क्याऐंशी साली कोकीचं लग्न झालं. मुलगा भडगावचा, अभिमन. जमिनीत बोअर घेणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्यात मशीनवर होता. लग्नात सगळं नीट झालं, पण मांडवात एका म्हातारीने तोंड उघडलंच. "बिनमायनी आंडेर, रीतभात कोन देखी?" आमच्या बोलीत आंडेर म्हणजे मुलगी. नाना तिथेच पंगतीत वाढत होता. त्याने ऐकलं आणि पुढच्या पानावर वाढत गेला, पण मी त्याला ओळखते. त्या दिवसापासून त्याने ठरवलं की माय नसली म्हणून माझ्या पोरीच्या बाबतीत एकही रीत चुकायची नाही.

आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पाळणारे पाळतात, पण त्यातही लोकांनी वाटा काढल्या आहेत. कुणी जेवतात आणि ताटाखाली रुपया ठेवून मोकळे होतात. कुणी म्हणतात, चहा म्हणजे काही अन्न नव्हे. नानाला असल्या वाटा ठाऊकच नव्हत्या. त्याला वाटायचं, आपण नेम मोडला तर पोरीची कूस उजवायची राहील. आणि कोकीला दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा पोट पडलं. तिसऱ्यांदा काही नाही. जसजशी वर्षं गेली तसतसा त्याचा नेम जास्तच कडक होत गेला. मायेपोटीच करत होता हो. तेच तर माझं दुःख आहे.

पुढे अभिमनची बदली राजस्थानात झाली, जैसलमेरच्याही पलीकडे. अठ्ठ्याऐंशी साली नाना रिटायर झाला आणि त्या हिवाळ्यात जावयाचं पत्र आलं, थंडी आहे तोवर या, वाळवंट बघून जा. नाना नाशिकच्या पुढे कधी गेलेला नव्हता. "वायू काय देखनी?" म्हणाला, वाळूत काय बघायचं. मी म्हटलं, वाळू नको बघू, लेक बघ. मी शाळेतून रजा काढली आणि त्याला जवळजवळ ओढतच नरडाण्याला सुरतच्या गाडीत बसवला.

त्याच्या सामानात एक मोठी पिशवी होती आणि एक कॅनव्हासची छागल, ट्रकवाले पाण्यासाठी पुढे टांगतात तसली. पिशवीत दशम्या, कळण्याच्या जाड भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या पापडासारखे बिबडे, आणि वर नीट रचलेली भरताची हिरवी वांगी. मला वाटलं, बाप लेकीसाठी खान्देश घेऊन चालला.

प्रवासात मात्र तो पोरासारखा खूश होता. सुरतेला गाडी बदलली, अहमदाबादला बदलली, मग छोट्या लाईनची गाडी जोधपूरला आणि पुढे जैसलमेरला. प्रत्येक स्टेशनवर हा आधी नळ बघायचा. "देख, याचं वॉयसर गयं," असं म्हणून हळहळायचा आणि छागल भरून घ्यायचा. जोधपूरनंतर खिडकीबाहेर झाडं विरळ झाली, मग नुसती खुरटी झुडपं आणि पिवळी जमीन. थंडी मात्र अशी की आम्ही दोघं एकाच घोंगडीत बसलो. आदल्या साली त्या मुलखात पाऊसच झाला नव्हता, असं डब्यातला एकजण सांगत होता. नाना कितीतरी वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, "आठला पानी सोडनारा काय करत व्हई?" आठला म्हणजे इथला. मला हसू आलं.

जैसलमेरला अभिमन भाड्याची जीप घेऊन आला होता. सडक सरळ, दोन्ही बाजूंना वाळू, मधूनच एखादा उंट. ड्रायव्हर तिथलाच होता. नानाच्या मांडीवरची छागल बघून तो हसला, म्हणाला, बेटी के घर पानी नहीं मिलेगा क्या? नानाने आपल्या हिंदीत त्याला रीत सांगितली. ड्रायव्हरने मान डोलावली. "हमारे यहाँ तो पुराने लोग बेटी के गाँव के कुएँ का पानी भी नहीं पीते थे."

"देख लिले, आठे बी रीत शे!" नाना एवढा खूश झाला की विचारू नका. मी मनात त्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या. कारण पुढच्या हॉटेलशी जीप थांबवून नानाने छागल तर भरलीच, वर जावयाकडून एक रिकामा कॅन मागून घेऊन तोही भरला. आता गावचं पाणीसुद्धा बंद. अभिमन बिचाऱ्याने भरलेला कॅन उचलून जीपमध्ये ठेवला.

कोकी दारात उभी होती. वाळली होती, ओठ फुटले होते, पण बापाला बघून ती जी धावली, ते बघून माझे डोळे भरले. घरात शिरल्या शिरल्या तिने ती पिशवी उघडली. वांगी बघितली, बिबडे बघितले, भाकरी नाकाशी धरली.

"नाना, एवढं बठ्ठं मन्हासाठे?"

"आरधं तुन्हं, आरधं मन्हं," नाना सहज म्हणाला. "मी तुन्हा घर जेवाव नही ना, माय." आणि त्याने तिथेच बसून दोन ढीग केले. वांगी सगळी तिच्या ढिगात टाकली, तेवढा उदार होता. कोकी हसली. पण मी तिची फुई, म्हणजे आत्या. तिला लहानपणापासून बघितलेली. ते हसू कसलं होतं ते मला कळलं.

तोवर आजूबाजूच्या चार बाया पाहुणे बघायला अंगणात येऊन बसल्या होत्या. त्या गावात विहिरीचं पाणी खारं, टँकर येईल तेव्हा येईल. गोडं पाणी म्हणजे पावसाचं, जमिनीखालच्या टाक्यात साठवलेलं, आणि ते लोक त्याला कुलूप लावतात. शेजारच्या म्हातारीकडे तसं टाकं होतं. बाप येणार म्हणून कोकीने तिच्याकडून लोटाभर गोडं पाणी मागून आणलं होतं आणि नव्या माठात निवत ठेवलं होतं. माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं. तिने आधी मला पेला दिला. मी आत्या, मला नेम लागू नव्हता. मी प्याले. असं पाणी मी पुन्हा कधी प्याले नाही.

मग तिने तांब्याच्या पेल्यात पाणी घेऊन दोन्ही हातांनी नानापुढे धरलं. "नाना, गोडं पानी शे. तुम्हनासाठे मांगी आनेल शे. एक घोट ल्या."

नानाने हात जोडले. छागल उचलली, बूच काढलं आणि सगळ्यांसमोर आपलं पाणी प्याला.

ज्या म्हातारीने पाणी दिलं होतं ती पुढे झाली. पाणी खारं आहे का, असं तिने तिच्या बोलीत विचारलं. आपल्या टाक्याचा अपमान झाला असं तिला वाटलं असणार. नाना घाईघाईने म्हणाला, "पानी अच्छा है माँजी. लेकिन लडकी को अभी बच्चा नहीं है ना. हमारे में नहीं चलता."

अंगणातल्या बायांनी कोकीकडे बघितलं. परमुलखात येऊन तिने कशीबशी चार माणसं जोडली होती, आणि जे ती कुणाला स्वतःहून सांगत नव्हती ते तिच्या बापाने भर अंगणात, हात जोडून सांगून टाकलं. वाईट मनात तसूभर नव्हतं. वेळ झाली की चावी फिरवावी तसं बोलून गेला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुले पोऱ्या व्हऊ दे माय, मंग पहिलं पानी तुन्हाच हातनं पिसू."

कोकी पेला घेऊन आत गेली. मी मागोमाग गेले. तिने ते पाणी टाकलं नाही, तिथे पाणी टाकत नाहीत. परत माठात ओतलं आणि माठावर झाकण ठेवलं.

संध्याकाळी तिने झुडपांच्या काटक्यांवर वांगी भाजली. आपल्याकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतो तसा वास त्या वाळूत सुटला. भरीत तिने केलं, अभिमन जेवला, मी जेवले. नाना बाहेर बाजेवर बसून शिळी दशमी खात होता. वास त्याच्यापर्यंत जात होता, मला माहीत आहे. हिवाळ्यात भरीत म्हटलं की हा माणूस ताटावरून उठायचा नाही.

दुसऱ्या दिवशी अभिमनने आम्हाला जीपने वाळूच्या टेकड्या दाखवायला नेलं. सहल म्हणतात ती तेवढीच. कोकीने डबा घेतला, आपल्या घरच्या पाण्याचा दुसरा कॅन घेतला. टेकडीवर नाना लेकीचा हात धरून चढला, दोघंही घसरत होते, हसत होते, आणि मला वाटलं की कालचं सगळं निवळलं. वर सूर्य मावळताना सगळी वाळू तांबडी झाली. नाना म्हणाला, केसर असती तर तिला दाखवलं असतं. कोकी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मग नानाला ठसका लागला. छागल खाली जीपमध्ये राहिली होती. कोकीने घाईने कॅनचं झाकण उघडलं. तर हा ठसकत, डोळ्यांतून पाणी येत, हाताने नको नको करत टेकडी उतरायला लागला. अर्ध्यावर पडला, वाळूत गडगडत गेला, उठला, आणि जीपपाशी जाऊन आपल्या छागलीचं पाणी प्याला.

कोकी कॅन धरून वर उभी होती. ती मला म्हणाली, "फुई, मन्हं पानी एवढं वाईट शे का वं?" मी चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारी बाई, त्या पोरीच्या हातातला कॅन तेवढा घेतला आणि तिचा हात धरून टेकडी उतरले.

निघताना ती रडली नाही. जीप हलली तेव्हा नाना मात्र लहान मुलासारखा रडला. परतीच्या गाडीत मी त्याच्याशी सुरतेपर्यंत बोलले नाही. त्याने दोनदा विचारलं, "काय व्हयनं, लिले?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर कोकी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला यायची. माहेरी झोका खेळायची, बापाला जेवू घालायची, त्याचे कपडे शिवायची. पण "आमच्याकडे या" हे शब्द तिने पुन्हा काढले नाहीत. नानाला हे कळायला दोन वर्षं लागली. एके दिवशी मला म्हणाला, "लिले, कोकी आते बलावत नही वं."

"कसी बलाई? तू पानी पेस का तिन्हा घर?" मी सगळं बोलून घेतलं. अंगणातलं, टेकडीवरचं, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, तिला मूल होणार नाही नाना, डॉक्टरांनी सांगितलंय. आता तरी जा आणि एक घोट पी.

त्याने मान वर केली. म्हणाला, "आते पिनू तं तिले काय वाटी? बापनी बी आस सोडी दिन्ही."

आधी पाणी न पिऊन त्याने तिला दुखवलं होतं. आता प्याला असता तर तिला मूल होणार नाही हे त्याने कबूल केल्यासारखं झालं असतं. मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसून रडले.

पंच्याण्णवच्या सुमारास अभिमनची बदली जळगावला झाली. कोकीने तिथे छोटंसं घर केलं. आता धुळ्याहून एसटीने गेलं की लेक भेटणार. नाना जायचा, पण छागल घेऊन. व्हरांड्यातच बसायचा, भाकरी सोडायचा, संध्याकाळच्या एसटीने परत. कोकीने त्याला पाणी विचारणं सोडून दिलं होतं. ती त्याच्यासमोर बसून भाजी निवडायची आणि दोघं देवपूरच्या गप्पा मारायची. मी एकदा त्यांना तसं बघितलं आणि आत निघून गेले.

मग एका हिवाळ्यात नानाला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात बरेच दिवस होता, नाकातून नळी घातली होती, कारण घास गिळता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. देवपूरच्या खोलीत त्याचं करणार कोण? कोकी म्हणाली, मी नेते. आणि तिने त्याला जळगावला आपल्या घरी नेला. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. छागल धुळ्याच्या खोलीत खुंटीला तशीच राहिली.

मीही रजा टाकून जळगावला गेले. कोकी नळीतून त्याला पेज द्यायची, पाणी द्यायची. पहिल्या दिवशी तिने मला हळूच विचारलं, की हे असं नळीतून दिलेलं पाणी पिण्यात धरायचं का? मी म्हटलं, नाही गं, हे औषध आहे. तिला बरं वाटलं. बापाचा नेम आपल्या हाताने मोडायला नको, एवढं तिला वाटत होतं. एवढं सोसूनही.

एका दुपारी आम्ही दोघी त्याच्याजवळ बसलो होतो. ऊन खिडकीतून त्याच्या पांघरुणावर आलं होतं. त्याने डावा हात उचलला आणि कोपऱ्याकडे बोट केलं. कोकीला वाटलं, खिडकी लावायची. तिने लावली. त्याने पुन्हा बोट केलं. तिला वाटलं, रग हवा. तिने घातला. तो बोट खाली घेईना. मग मी बघितलं. कोपऱ्यात माठ होता.

कोकी जागच्या जागी उभी राहिली. डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दे."

तिने पेला भरला, चमचाभर पाणी घेतलं आणि त्याच्या ओठांशी नेलं. नानाने तोंड उघडलं. पाणी आत गेलं, आणि ते गिळायला त्याने एवढी धडपड केली की मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पण घोट उतरला नाही. सगळं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर आलं. कोकीने पदराने त्याची हनुवटी पुसली. त्याने पुन्हा तोंड उघडलं. तिने पुन्हा चमचा भरला. पुन्हा पाणी बाहेर आलं. तो तिच्याकडे बघत होता, तोंड उघडंच ठेवून, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. अखेर तिने पेला खाली ठेवला आणि त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

त्याच आठवड्यात तो गेला. दहाव्याला सगळी माणसं परतल्यावर कोकी माझ्याजवळ येऊन बसली.

"फुई, नानानी तोंड उघाडं. तू देखं ना?"

"देखं वं माय," मी म्हटलं. "मी देखं."

तिने मान हलवली. मग उठली, माठातलं पाणी घेतलं आणि मला आणून दिलं.